चिपाडला घेऊन जांभूळवाड्यावर

म्हाळसाच्या दाराला आजवर कुणी टकटक केली नव्हती. लोणी भापकरच्या शिवारात, ओढ्याच्या अलीकडं चार घरांची वस्ती. दार पहाटे उघडायचं ते निजायच्या वेळीच ओढलं जायचं. येणारा माणूस बांधावरूनच हाक देत यायचा, आणि त्याची हाक पोचायच्या आधी चिपाड भुंकून वर्दी द्यायचा. त्यामुळं त्या दिवशी सकाळी उघड्या दाराच्या फळीवर बोटं वाजली, तेव्हा तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हाळसा थांबली. आधी तिनं वर पत्र्याकडं बघितलं. मग चुलीकडं. दाराकडं सगळ्यात शेवटी.

दारात पोट सुटलेला, पांढऱ्या टोपीचा एक माणूस उभा होता, आणि वर्दी द्यायचं ज्याचं काम, तो चिपाड त्याच्या हातातलं बिस्कीट खात होता.

माणूस पणदऱ्याचा. नाव अप्पा, स्वतःची जीप भाड्यानं चालवायचा. त्याला धाडलं होतं दादासाहेबानं. दादासाहेब म्हणजे म्हाळसाचा एकुलता लेक. इंदापूरच्या अंगाला लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला, बायकोला, स्वरालीला घेऊन तिकडंच राहायचा. त्या दोघांनी मिळून आई-बापासाठी महाबळेश्वरात दोन रात्रींचा मुक्काम ठरवून टाकला होता, कुत्र्यासकट. आधी विचारलं असतं तर बाप नाही म्हणाला असता, म्हणून गाडी थेट दारात. फोन करून भांडावं म्हटलं तर दादासाहेब पहिल्या पाळीला, फोन बाहेर कपाटात.

म्हाळसाचा नवरा बिरदेव शेळ्यांची धार काढून, चरवी हातात धरून आला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, की पोरानं गाडी पाठवली हे चांगलं केलं, अप्पांनी चहा घ्यावा आणि गाडी माघारी न्यावी. गारवा पाहिजे तर ओढ्याकाठी काय कमी आहे? आणि कुत्र्यासकट म्हणजे काय, तिथं नेऊन त्याला दोन दिवस जिन्याखाली बांधून ठेवणार?

चिपाडचं नाव निघालं की बिरदेव असाच आडवा लागायचा. उसाच्या फडात, पाचटाच्या ढिगाखाली हे पिल्लू सापडलं तेव्हा चावून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखं दिसत होतं, म्हणून हे नाव. घरात मेंढरं होती त्या शेवटच्या दिवसांत ते कळपात वाढलं आणि राखणीला तयार झालं, तोवर राखायला कळपच उरला नाही. पण शिकलेलं कुठं जातंय? चिपाड शेळ्या गोळा करायचा, कोंबड्या गोळा करायचा, हळदीकुंकवाला आलेल्या बायका वेगवेगळ्या घोळक्यांत बसल्या तर त्यांनाही एका जागी आणायला बघायचा.

म्हाळसानं तव्यावरची भाकरी उलटली. पण कान सगळे दाराकडं.

महाबळेश्वर तिनं बघितलं नव्हतं असं नाही. बाजूनं गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा घरात मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की सगळा संसार घोड्यावर लादून कोकणात उतरायचं. चालायची रीत ठरलेली. बाप्ये कळपाबरोबर, चारा गावेल त्या रानानं. बायका घोडी, कोकरं आणि लेकरं घेऊन सरळ वाटेनं. संध्याकाळी जिथं मुक्काम, तिथं दोन्ही वाटा मिळायच्या. नवरा-बायकोची गाठ पडायची ती चुलीपाशीच.

अशाच एका वर्षी, घाटमाथ्यावर, मोटारीतून उतरलेलं एक जोडपं तिनं बघितलं. रस्त्याच्या कडेनं दोघं कणीस खात चालली होती. बाई थांबली की माणूस थांबे, माणूस थांबला की बाई. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. म्हाळसाच्या हातात घोड्याची दोरी, पाठीला दादासाहेब बांधलेला. तिनं ते डोळे भरून बघितलं आणि मनात ठेवून दिलं. पुढं मेंढरं लोणंदच्या बाजारात गेली, चराईच्या माळाला ऊस लागला, चालणंच संपलं. ठेवलेली गोष्ट तशीच राहिली. बिरदेव काही वाईट माणूस नव्हता. पण मोरगावच्या बाजाराला निघाला तरी बायकोच्या पुढं, आणि ती बरीच मागं पडली आहे हे त्याला बाजारात पोचल्यावर कळायचं. 'माझ्या शेजारनं चाला' हे तोंडानं मागायचं म्हणजे म्हाळसाला नातवंडांच्या वयात नथ मागितल्यासारखं वाटे.

तेव्हा तिला महाबळेश्वर नको होतं. महाबळेश्वरातला एखादा रस्ता पाहिजे होता, आणि शेजारी नवरा. तो रस्ता आता चहा पिऊन माघारी निघाला होता.

अप्पानं बशी खाली ठेवली आणि जाता जाता म्हणाला, "आबा, तुमाला वाटतंय तसं हाटील न्हाय ते. वाडा हाय. जांभूळवाडा. कुत्री मोकळीच असत्यात तितं."

बिरदेवाचा चेहराच पालटला.

आता, वाडा म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढं दगडी जोतं आणि चौक येतो. बिरदेवाच्या बोलीत वाडा म्हणजे मोकळ्या रानातला मेंढरांचा मुक्काम. भोवती जाळीचं कुंपण, मधे मेंढरं, कडेला तीन दगडांची चूल, उशाला कुत्रं आणि वर चांदण्या. जांभळीखालचा वाडा म्हणजे तर निवाऱ्याचा वाडा, वारा लागत नाही.

"मग आदी का सांगितलं न्हाय?" तो म्हणाला, आणि चरवी तिथंच ठेवून माळ्यावर चढला.

माळ्यावरून घोंगड्या आल्या, ताडपत्री आली. तवा, परात, काटवट, ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, मिठाची पुडी. सरपणाची मोळी त्यानं स्वतः जीपच्या टपावर बांधली. अप्पा नुसता बघत राहिला. म्हाताऱ्या माणसांना अंथरुणाची सवय लागते, हे त्याला ठाऊक होतं, पण सरपणाची सवय त्यानं पहिल्यांदाच बघितली. शेवटी बिरदेव चहाच्या दुधासाठी एक शेळी घेऊन आला, तेव्हा मात्र अप्पानं हात आडवा घातला. त्याला कुत्र्याचं सांगितलं होतं, शेळीचं नाही.

म्हाळसाला शंका आली नव्हती असं समजू नका. स्वरालीसारखी सून सासू-सासऱ्यांना माघाच्या थंडीत उघड्यावर निजायला धाडेल, हे तिला पटत नव्हतं. पण शंका बोलून दाखवली तर घोंगड्या परत माळ्यावर जाणार आणि मागोमाग बिरदेव. तिनं शंका पदरात बांधली, इरकली लुगडं काढलं आणि शेळ्या जावेच्या हवाली केल्या. जाऊ म्हणजे प्रयागबाई, शेजारच्याच घरातली, जिभेनं तिखट. ती मोळीकडं आणि लुगड्याकडं आळीपाळीनं बघून म्हणाली, "म्हाळसे, मधुचंद्राला चाललीस का सैपाकाला? एक काय ते ठरीव."

म्हाळसा हसली, पण तो प्रश्न तिच्याबरोबर जीपमध्ये बसला.

बिरदेव पुढं अप्पाशेजारी, म्हाळसा मागं चिपाडशेजारी. गाडीतसुद्धा तो पुढंच. नीरेपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत गेले. लोणंद आलं तेव्हा बिरदेवानं बाजाराकडं बघितलं नाही आणि चिपाडनं खिडकीतून डोकं बाहेर काढून खूप वास घेतला. वाई मागं पडली, पसरणीचा घाट लागला, आणि बिरदेवाला कंठ फुटला. कुठल्या वळणावर झरा, कुठं घोड्याचा पाय मुरगळला, कुठं तरस आलं होतं, सगळं तो अप्पाला सांगत होता. म्हाळसा मागून ऐकत होती. तरसाची गोष्ट तिला आज पहिल्यांदाच कळत होती. ती तेव्हा दुसऱ्या वाटेवर होती ना.

जांभूळवाडा गावाच्या टोकाला निघाला. तांबड्या दगडांचं बैठं घर, पुढं व्हरांडा, कुंड्यांतून फुलं, मागं खरोखरच एक मोठी जांभळ. फाटकात राजेश्वरी नावाची मालकीणबाई हसतमुखानं उभी होती. तिनं आधी माणसं बघितली, मग कुत्रं, मग टपावरची मोळी.

बिरदेव उतरला, काठी खांद्यावर टाकून घराला एक वळसा घालून आला, आणि अदबीनं म्हणाला, "बाई, बंगला झ्याक हाय. पर वाडा कुठं हाय?"

"हाच वाडा की, काका."

"हा?" बिरदेवानं परत एकदा बघितलं. "मग मेंढरं कुठं बसत्यात?"

राजेश्वरीनं अप्पाकडं बघितलं, अप्पानं आभाळाकडं. म्हाळसानं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. शेवटी तिनंच पुढं होऊन उलगडा केला, की यांचा वाडा निराळा आणि तुमचा निराळा. राजेश्वरीला हसू आवरेना. बिरदेव पहिल्यांदा लाजला, मग स्वतःच हसला, आणि अप्पाला म्हणाला, की तू मला वाडा सांगून बंगल्यात आणलंस, तुझी जीप ट्रॅक्टर म्हणून विकली पाहिजे.

पण मोळी आली होती ती आली होती. राजेश्वरीनं मोकळ्या मनानं सांगितलं, की जांभळीखाली जागा आहे, चूल मांडायची तर मांडा. बिरदेवाला तेवढंच पाहिजे होतं. दगड जमवता जमवता त्यानं व्हरांड्यातल्या दुसऱ्या पाहुण्यांनाही आवतण दिलं: चुलीवरची भाकरी खायला या, आमची म्हाळसा अशी भाकरी करते की बघत राहाल.

म्हाळसा तेव्हा खोलीत गादीवर टेकली होती. गादी इतकी मऊ, की तिला वाटलं आपण पिठाच्या ढिगात बसलोय. खिडकीतून तो सांगावा आला आणि प्रयागबाईचा प्रश्न उठून तिच्यापुढं उभा राहिला. मधुचंद्र का सैपाक?

ती बाहेर आली. पीठ, परात आणि तवा तिनं नीट नवऱ्यापुढं ठेवले.

"मी पाव्हणी हाय," ती म्हणाली. "भाकरी तुमी करा."

बिरदेवाला भाकरी येत नव्हती असं नाही. कळपामागं एकटं राहिलेल्या माणसाला सगळं येतं, घरात आल्यावर विसरतं. त्यानं बाह्या सारल्या. त्याच्या भाकरी बोटभर जाड, कडेला नकाशासारख्या फुटलेल्या झाल्या, आणि पहिली चिपाडच्या वाट्याला गेली. बाकीच्या पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. म्हाळसानं व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून, मांडीवर ताट घेऊन, नवऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली आणि जरा मीठ कमी आहे, एवढंच बोलली. बिरदेवानं मीठ आणून दिलं. सुरुवात चांगली झाली, असं तिनं मनाशी धरलं.

चालायचं मात्र जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगाला लागल्यावर दोघं बाजाराकडं निघाली. फाटकातून बाहेर पडली तेव्हा शेजारी शेजारी होती. विजेच्या पहिल्या खांबापाशी बिरदेव पुढं. दुसऱ्या खांबाला त्याची फक्त पाठ आणि खांद्यावरची आडवी काठी. म्हाळसानं पावलं उचलली, तर तोही वेग घेई. मागून पावलांचा आवाज आला की कळप येतोय, चला, एवढंच त्या पायांना माहीत. मग एकाएकी तो वळून माघारी येई आणि सांगे, "फुडं उतार हाय, जपून ये," नाहीतर, "फुडं माकडं हायत, पिशवी झाक," आणि सांगून झालं की पुन्हा पुढं. म्हणजे काळजी होती. काळजी पुढं जाऊनच करायची असते, असा त्याचा समज होता.

आणि या दोघांच्या मधे चिपाड. तो पुढं धावून बिरदेवाच्या पायांना आडवा जाई, तिथून उलटा म्हाळसाकडं येऊन तिच्या लुगड्याला मागून नाकानं ढकली, पुन्हा पुढं. सारा बाजार त्याला हिंडायला पडला होता, माकडं वाकुल्या दाखवत होती, पण त्यानं तिकडं ढुंकून बघितलं नाही. बाजारात पोचेपर्यंत त्याची जीभ गळ्यापर्यंत लोंबत होती.

दुपारनंतर तळ्यावर गेले. तिथं रंगीत होड्या, कणसांच्या गाड्या, गोंडे लावलेली घोडी. एका घोडेवाल्यानं विचारलं, आजी, बसता का घोड्यावर? म्हाळसानं त्याच्या घोड्याची मान खाजवली आणि म्हणाली, की मी जल्मभर घोडं वढलं, आता त्याला कशाला माझं वझं. मग तिनं एक कणीस घेतलं. एकच. मधे मोडून अर्धं बिरदेवाला द्यायचं, म्हणजे खाऊन होईपर्यंत तरी तो शेजारी राहील, असा तिचा हिशेब. बिरदेवानं अर्धं कणीस घेतलं, छान आहे म्हणाला, आणि खात खात तळ्याच्या कडेनं पुढं निघाला.

अर्धं कणीस हातात धरून म्हाळसा उभी राहिली. समोरून जोडपी येत होती, जात होती. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःचीच गंमत वाटली. एवढ्या घाटावर येऊन माझं माणूस पुन्हा दुसऱ्या वाटेलाच, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात पुढं गलका झाला. चिपाडनं बिरदेवाच्या धोतराचा सोगा दातांत धरला होता आणि चारी पाय रोवून तो मागं ओढत होता. लोक हसत होते, दोघं-तिघं फोन काढून टिपत होते. बिरदेव धोतर सावरत, कुत्र्याला समजावत, ओढला जात जात म्हाळसापाशी येऊन पोचला. चिपाडनं सोगा सोडला, दोघांभोवती एक फेरी मारली आणि मधोमध बसून घेतलं.

"याला काय झालंय आज?" बिरदेव म्हणाला. "कवाधरनं बघतोय."

"कळप फुटलाय त्याचा," म्हाळसा म्हणाली.

बिरदेवानं इकडं तिकडं बघितलं. तळं, होड्या, घोडी. "कळप? हितं कुठला आलाय कळप?"

सांगावंसं म्हाळसाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण धोतर सावरणारा नवरा, भोवती हसणारी माणसं, हातात अर्धं कणीस. ही जागा नव्हे, असं तिनं ठरवलं. उरलेलं कणीस तिनं चिपाडला घातलं.

संध्याकाळी स्वरालीचा फोन आला. कसं काय, करमतंय का, आबा रुसले तर नाहीत? म्हाळसानं वाड्याची सगळी हकिकत सांगितली. सून तिकडं इतकी हसली, की दादासाहेबानं फोन काढून घेतला. मग सुनेनं परत घेऊन हळूच विचारलं, आत्याबाई, तुम्हाला पाहिजे होतं ते झालं का? म्हाळसा चमकली. हिला कुणी सांगितलं? कुणीच नाही; पोरीनं नुसतं विचारलं होतं. म्हाळसानं सांगितलं, की अजून एक सकाळ शिल्लक आहे.

निघायच्या सकाळी राजेश्वरीनं स्ट्रॉबेरीची पेटी दिली आणि बिरदेवानं उरलेली मोळी तिच्या मागच्या पडवीत रचून दिली. पुढच्या खेपेला वाघर घेऊन येतो, म्हणजे तुमच्या वाड्याचा खरा वाडा होईल, असंही सांगितलं. वाघर म्हणजे ती कुंपणाची जाळी, हे म्हाळसानं तिला मागून समजावलं. पुढच्या खेपेचं त्यानं आपण होऊन काढलं होतं, हे म्हाळसानं टिपलं.

पाचगणी ओलांडून घाट सुरू होतो तिथं अप्पानं चहाला जीप थांबवली. खाली वाईचं खोरं उन्हात पसरलं होतं, कृष्णेची रेघ चमकत होती, आणि रस्ता वळणं घेत घेत खाली उतरत होता. चिपाड उडी मारून उतरला. बिरदेव कठड्यापाशी उभा राहून खाली बघत होता, आणि अप्पाला सांगत होता की ते खालचं वळण दिसतंय ना, आंब्याचं झाड आहे तिथं, तिथं आमची मेंढरं पाणी पीत. मग त्यानं विचारलं, म्हाळसा कुठून जायची तेव्हा?

तो प्रश्न त्यानं अप्पाला विचारला होता. अप्पाला काय ठाऊक? त्यानं मागं बघितलं.

"मी सडकंनं," म्हाळसा म्हणाली. "घोडं घिऊन. एकलीच."

बिरदेव वळला. बराच वेळ तो तिच्याकडं, मग रस्त्याकडं, मग दोघांच्या मधे येऊन बसलेल्या कुत्र्याकडं बघत राहिला. कालपासून डोक्यात अडकलेलं काहीतरी हळूहळू सुटत असावं, असा त्याचा चेहरा झाला. अप्पाचा चहा संपला. त्यानं किल्ली वाजवली.

बिरदेव म्हणाला, "काय ऱ्हायलंय का बगायचं? आसंल तर सांग, पुन्यांदा याचं कवा व्हतंय."

म्हाळसानं पायातल्या चपला नीट केल्या, पदर खोचला.

"बगायचं काय बी न्हाय," ती म्हणाली. "गाडी जाऊ द्या फुडं. त्या आंब्यापतुर आपुन चालत उतरू. आन् तुमी फुडं जाऊ नगा, माझ्या शेजारनं चाला."